पुतळा बसवायचाय? आधी हे वाचा : बेळगाव, खानापूर, निपाणी भागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, पॅटर्न (साच्यासाठीचे नमुने) विभागात माझी सव्वीस वर्षं गेली. पंपाच्या बॉड्या, व्हॉल्व्ह, ट्रॅक्टरचे भाग सगळं झालं, पुतळा मात्र एकही नाही. तरी गल्लीत किंवा आजूबाजूच्या गावात पुतळ्याचा विषय निघाला की ‘ओतकामातला माणूस’ म्हणून मला बैठकीला बोलावतात. चहा होतो, वर्गणीचा आकडा ठरतो, उंचीवरून वाजतं आणि फिरून तेच प्रश्न येतात. दरवेळी तेच सांगून घसा बसतो, म्हणून इथं लिहून ठेवलंय.

किती फुटी घ्यायचा?

हा प्रश्न पहिला येतो, खरं म्हणजे तो चौथा-पाचवा यायला हवा. शेजारच्या गावाचा दहा फुटी असेल तर आपला बारा फुटी, एवढाच हिशेब असतो.

आधी टेप घेऊन जागेवर जा. चौथऱ्यासकट पुतळ्याची जेवढी उंची, त्याच्या दुप्पट अंतरावर माणूस उभा राहिला तर त्याला मान न ताणता पुतळा पूर्ण दिसतो. मागच्या झाडांसह, आभाळासह बघायचा तर तिप्पट अंतर लागतं. बारा फुटी पुतळा आणि दहा फुटी चौथरा म्हणजे बावीस फूट, म्हणजे समोर निदान चव्वेचाळीस फूट मोकळी जागा हवी. आता गणपत गल्ली किंवा मारुती गल्ली डोळ्यांसमोर आणा. तिथं एवढा पुतळा उभा केला तर लोकांना घोड्याचं पोट आणि महाराजांच्या जोड्याचे तळवे दिसतील.

उंचीचं गणित आपल्या पोरांना शिकवायला नको. शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत ट्रॉलीवर बांबू घेऊन बसलेला पोरगा हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) तारा वर उचलत गाडा पुढं काढतो, त्याला गल्लीतली प्रत्येक तार किती फुटांवर आहे ते पाठ असतं. पुतळा समितीत असा एक पोरगा घ्या.

आणखी एक. उंची दुप्पट केली की धातू दुप्पट लागत नाही, जाडी तीच ठेवली तरी चौपट लागतो. ब्राँझचं कवच आठ मिलिमीटर जाड धरलं तर एका चौरस मीटरला साधारण सत्तर किलो धातू जातो. ‘दोनच फूट वाढवूया की’ म्हणणाऱ्याला हे सांगा आणि वर्गणीची वही त्याच्या हातात द्या.

उंच पुतळा खालून बघताना डोकं लहान दिसतं, म्हणून जाणता शिल्पकार वरचा भाग मुद्दाम थोडा मोठा घडवतो. टेबलावरचा दोन फुटी नमुना मशिनवर तसाच्या तसा मोठा केला की हे राहून जातं. मग अनावरणाच्या दिवशी कुणीतरी कुजबुजतोच, ‘चेहरा नाही ओ जमला.’ चेहरा जमलेला असतो, तो पाहायची जागा चुकलेली असते.

चौकाच्या मधोमधच बसवायचाय. परवानगी कोण देतं?

सरळ उत्तर: चौकाच्या मधोमध कुणी देऊ शकत नाही. १८ जानेवारी २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिलाय. सार्वजनिक रस्ते, पदपथ, रस्त्याच्या कडेच्या जागा आणि लोकांच्या वापराच्या इतर जागांवर पुतळा किंवा कुठलंही बांधकाम उभारायला राज्य सरकारांनी परवानगी देऊ नये, असा तो आदेश आहे. नगरसेवक, आमदार किंवा मंत्री तोंडी ‘करा सुरू, मी बघतो’ म्हणाले म्हणून तो बदलत नाही. आपल्या शहरातले चन्नम्मा चौकातल्यासारखे पुतळे त्याच्या आधीचे, त्यांचं उदाहरण देऊन उपयोग नाही.

तेव्हा जागा रस्त्याबाहेर शोधा. शाळेचं, वाचनालयाचं किंवा तालमीचं आवार, देवस्थानची जमीन, कुणी बक्षीसपत्राने दिलेला तुकडा. तिथंही पहिलं काम म्हणजे उतारा काढून जागा नक्की कुणाची ते बघणं. बेळगावात हे वाटतं तितकं सोपं नाही. एका बाजूला महापालिका, रस्ता ओलांडला की कँटोन्मेंट, पुढं बुडाचा (नगरविकास प्राधिकरणाचा) लेआउट, त्यापुढं सार्वजनिक बांधकाम खातं किंवा महामार्गवाले. एका गावात आम्ही आठ महिने ग्रामपंचायतीच्या मागं लागलो. जागा पंचायतीची नव्हतीच, पाटबंधाऱ्याची होती. चूक आमचीच, उतारा शेवटी काढला.

जागेच्या मालकाचा ठराव, महापालिकेची किंवा पंचायतीची मंजुरी, जिल्हाधिकारी आणि पोलिसांकडून ना हरकत आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरचा सहीशिक्क्याचा दाखला, एवढी फाईल हातात असल्याशिवाय शिल्पकाराला आगाऊ रक्कम देऊ नका. पुतळा तयार होऊन गोदामात कापडाखाली वर्षानुवर्षं पडून राहिला, अशा गोष्टी या भागात नव्या नाहीत.

रात्रीत बसवून टाकला तर? एकदा बसला की कोण काढतंय!

हे वाक्य प्रत्येक बैठकीत एकदा तरी येतंच, तेही दबक्या आवाजात आणि बहुतेक वेळा चहा संपल्यावर.

२०२० च्या ऑगस्टमध्ये हुक्केरी तालुक्यातल्या मनगुत्तीत शिवाजी महाराजांचा पुतळा रातोरात हलवला गेला आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना वातावरण तापलं. त्याच महिन्याच्या शेवटी बेळगावजवळच्या पिरनवाडीत इंग्रजांशी लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णांचा पुतळा रात्रीत बसवला गेला. लाठीमार झाला. शेवटी पुतळा राहील आणि चौकाला शिवाजी महाराजांचं नाव राहील, अशी तडजोड झाली. दोन्ही ठिकाणी पुतळ्यांबद्दल लोक भरभरून बोलले, पण शिल्प कसं आहे, चेहरा कसा आलाय, कुणी घडवलंय, याबद्दल कुणाच्या तोंडून एक शब्द ऐकला नाही.

कायद्याचं आणि शांततेचं बोलायला इतर लोक आहेत, मी माझ्या धंद्यातलं सांगतो. काँक्रीटला पुरती ताकद यायला अठ्ठावीस दिवस लागतात. रात्री अकराला ओतलेल्या चौथऱ्यावर पहाटे चारला पुतळा बोल्टने कसला तर तो बोल्ट ओल्या काँक्रीटमध्ये उभा असतो. त्या बोल्टाच्या भोवती बारीक भेग पडते, ती रंगाखाली दिसत नाही. पुढच्या मृगात तिथून पाणी आत शिरतं.

पंचधातू घ्यायचा की ब्राँझ? फायबर स्वस्त पडतो म्हणे.

कोटेशनवर ‘पंचधातू’ लिहिलेलं असलं की विचारा: कुठले पाच, किती टक्के? मूर्तीच्या पंचधातूत सोनं-चांदी मोजतात, दहा फुटी पुतळ्यात कुणी सोनं घालत नाही. मोठ्या पुतळ्यांना वापरतात ते बहुतेक वेळा गनमेटल, ब्राँझचाच एक प्रकार, म्हणजे ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५. ते लिहून घ्या आणि ओतकामाच्या प्रत्येक खेपेतला एक तुकडा तपासणीला पाठवा. उद्यमबागेत तपासणीच्या लॅबा आहेत, दुसऱ्या दिवशी कागद मिळतो.

फायबर वाईट नाही. सभागृहात, छपराखाली अगदी चालेल. उन्हा-पावसात मात्र त्याचा रंग उडतो आणि जोडावर केसासारख्या चिरा जातात. आमच्या पाहुण्यांच्या गावात सोनेरी रंगाचा फायबरचा अर्धपुतळा दुसऱ्या पावसाळ्यात कानाच्या मागं उकलला. दर जयंतीला पुट्टी आणि सोनेरी स्प्रे, असं सात-आठ वर्षं चाललं. आता त्या चेहऱ्याला नाकाचा शेंडा आणि मिशी यांत फरक राहिलेला नाही. पुट्टी लावणाऱ्या पोरांनी भक्तीनेच लावली होती, म्हणून तर कुणाला बोलता येत नाही.

पैसे कमी असतील तर माझं मत सरळ आहे: ब्राँझचा अर्धपुतळा घ्या, पूर्णाकृती फायबर नको.

बेळगाव एवढं फौंड्रीचं गाव. इथंच ओतता येणार नाही का?

हा माझा आवडता प्रश्न, म्हणून जरा लांब उत्तर देतो.

भट्टीचा प्रश्न नाही. आपण रोज बीड (ओतीव लोखंड) वितळवतो, त्याला ब्राँझपेक्षा जास्त उष्णता लागते. अडचण वेगळी आहे. पंपाची बॉडी ओतताना मशिनिंगसाठी वर दोन-तीन मिलिमीटर जास्तीचे ठेवतो, उणंदुणं लेथवर निघतं. पुतळ्याच्या गालाला मशिनिंग नसतं. शिल्पकाराने मातीत अंगठा फिरवला असेल तर तो अंगठ्याचा ठसा धातूत उतरावा लागतो. त्यासाठी आधी मातीचा पूर्ण आकार, त्यावरून प्लास्टरचा साचा, साच्यात मेणाचा थर, आत कोअर (पोकळी राखणारा गाभा), बाहेरून उष्णता सोसणारं लिंपण, मग मेण वितळवून काढायचं आणि त्याच्या जागी रस सोडायचा. शिवाय धातू निवताना आकसतो. साधारण दीड टक्का धरला तर दहा फुटांत साडेचार सेंटिमीटर. पॅटर्नवाला यासाठी ही घट धरून थोडी मोठी आखलेली पट्टी वापरतो. पहिल्यांदा आलेला शिल्पकार ती पट्टी हातात घेऊन म्हणतो, ‘ही चुकीची छापलीय.’

मोठे पुतळे तुकड्यातुकड्यांत ओतून आर्गन वेल्डिंगने जोडतात. पण विनायक पांडुरंग करमरकरांनी पुण्याचा शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा १९२८ साली मुंबईच्या माझगाव गोदीत एकसंध ओतून घेतला. उंची साडेतेरा फूट, घोडा आणि स्वार मिळून एकच ओतकाम. तिथून खास रेल्वेने तो पुण्याला नेला. रस ओतताना एखाद्या कोपऱ्यात हवा अडकली असती तर सगळी मेहनत भंगारात. ओतकाम केलेल्या माणसाच्या अंगावर हे वाचताना काटा येतो. पुण्याला गेलात तर आवर्जून बघा, आणि बघताना जोड शोधा.

तेव्हा उत्तर: ओतता येईल, पण आधी कोल्हापूरकडच्या एखाद्या ओतारी शिल्पकाराला बरोबर घ्या. बाबूराव पेंटर, रवींद्र मेस्त्री या शिल्पकारांचं गाव हाकेच्या अंतरावर असताना ‘आमच्याकडे सगळं होतं’ हा ताठा कशाला?

घोड्याचा एक पाय वर असला की स्वाराला वीरमरण आलं, असं असतं ना?

नाही. जगभर सांगितली जाणारी ही एक समजूत आहे, शिल्पकारांचा असा काही नियम नाही. घोड्याचे पाय ठरतात ते तोलावर. चारही पाय जमिनीवर असले की भार वाटला जातो. दोन पाय उचलले की मागच्या पायांत आणि पुष्कळदा शेपटीत पोलादी दांडा घालून सगळं वजन खाली उतरवावं लागतं. कोल्हापूरच्या कावळा नाक्यावरचा ताराराणींचा पुतळा मेस्त्रींनी घडवलेला. मागच्या पायांवर उठलेला तो घोडा पाहिला की काम करणाऱ्याला आधी इतिहास आठवत नाही, ‘भार कुठून उतरवला असेल’ हे आठवतं.

मालवणला झालं तसं आपल्याकडे होईल का?

मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा ३५ फुटी पुतळा ४ डिसेंबर २०२३ ला उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ ला कोसळला. नऊ महिनेसुद्धा झाले नव्हते. चौकशीत गंज, कमकुवत सांगाडा आणि वेल्डिंगच्या चुका पुढं आल्या. त्या दिवशी आमच्या कँटीनमध्ये कुणी जेवलं नाही नीट.

आपल्याकडे खारं वारं नाही, पण पाऊस आहे, आणि खानापूर-जांबोटीकडचा पाऊस काय असतो ते सांगायला नको. पुतळा आतून पोकळ असतो. आत साधं लोखंड, बाहेर ब्राँझ, मध्ये पाणी, की लोखंड वेगाने गंजतं. दोन धातू आणि ओल म्हणजे बॅटरीच झाली. म्हणून सांगाडा स्टेनलेसचा घ्या, दोन धातू एकमेकांना चिकटतात तिथं मध्ये रबर किंवा नायलॉनची चकती द्या आणि पायांत पाणी निघून जायला बोटभर भोकं ठेवा. ही भोकं शिल्पकार ठेवतो आणि चौथऱ्याचा गवंडी ‘फट राहिली होती’ म्हणून सिमेंटने बुजवतो. गवंडी काम करत असताना तिथं एक माणूस उभा करा.

बेंगळुरूच्या विमानतळावर राम सुतारांनी घडवलेला केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा आहे. त्यात ब्राँझ ९८ टन आणि पोलाद १२० टन. म्हणजे दिसतं त्यापेक्षा न दिसणारं जास्त आहे. तुमच्या कोटेशनमध्ये न दिसणाऱ्याचा रकाना कोरा असेल तर ते परत पाठवा.

जमिनीचंही बघा. शहराच्या पश्चिमेला तांबडी माती आणि जांभा, पाया बरा बसतो. वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात काळी जमीन. जिथं बासमती पिकतो तिथंच उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि पावसात ती फुगते. तिथं पाया खालच्या घट्ट थरापर्यंत गेला पाहिजे, नाहीतर चौथरा हळूहळू कलतो.

फलक कोणत्या भाषेत लावायचा?

इथं बैठक थांबते, खुर्च्या सरकतात.

माझं म्हणणं ऐका, मग भांडा. कर्नाटकातलं सगळ्यांत थोर शिल्प कुठलं? श्रवणबेळगोळचा गोमटेश्वर. ५७ फूट, एकाच कातळातून कोरलेला, चावुंडरायाने दहाव्या शतकाच्या अखेरीस करवून घेतला. त्याच्या पायांशी कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तिन्ही भाषांत लेख आहे. ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ ही मराठीतल्या सर्वांत जुन्या कोरीव ओळींपैकी एक. पुढं ‘श्रीगंगराजें सुत्ताले करवियलें’, म्हणजे भोवतीचं आवार गंगराजाने बांधवलं. कन्नडमध्ये ‘माडिसिदं’, मराठीत ‘करवियलें’. बेळगावच्या माणसाला दोन्ही शब्द न शिकता कळतात. आपल्या मराठीचा जुना कोरीव पुरावा एका कन्नड तीर्थावर, मूर्तीच्या अंगठ्याजवळ आहे, आणि आपण फलकाच्या अक्षराच्या उंचीवरून डोकी फोडतो.

कामाचं सांगायचं तर कन्नड असणारच, ते गृहीत धरून बसा. मराठी मागा, परवानगीच्या अर्जातच मागा आणि मजकूर दोन्ही भाषांत टाईप करून जोडा. मंजूर नकाशावर मराठी ओळ असेल तर नंतर ती पुसायला कुणाला तरी कागद करावा लागतो. आणि मजकूर लहान ठेवा: नाव, साल, शिल्पकार. देणगीदारांची यादी वेगळ्या दगडावर, मागच्या बाजूला. शिल्पकाराचं नाव विसरू नका, या भागातल्या निम्म्या पुतळ्यांवर मंत्र्यांची पाच नावं आहेत आणि ज्याने घडवला त्याचं एक नाही.

रायण्णा, चन्नम्मा ‘त्यांचे’ आणि शिवाजी, संभाजी ‘आपले’, असं धरूनच चालायचं का?

रायण्णाला २६ जानेवारी १८३१ ला फाशी दिलं ते नंदगडला. नंदगड खानापूर तालुक्यात, आणि तिथल्या बाजारात मराठी किती ऐकू येते ते जाऊन ऐका. त्या माळावर नवस बोलायला येणाऱ्या बायकांना कुणी भाषा विचारत नाही. कित्तूरच्या राणी चन्नम्मांचं माहेर काकती, बेळगावच्या वेशीवर. उलट बाजूने, २०२१ च्या डिसेंबरात बेंगळुरूत शिवाजी महाराजांच्या पुतळ्यावर शाई टाकली गेली आणि पाठोपाठ अनगोळात रायण्णांच्या पुतळ्याची मोडतोड झाली. दोन पुतळे, दोन्ही इंग्रज किंवा मोगलांशी लढलेल्यांचे, आणि दोन्हींना मारणारे आपापसातले.

सीमाप्रश्नाचं माझं मत जे आहे ते आहे, सीमालढ्यातल्या हुतात्म्यांच्या दिवशी, १७ जानेवारीला, मी हुतात्मा चौकात असतो. पण दगडाला किंवा ब्राँझला मारून कुठलाही दावा जिंकलेला मी पाहिलेला नाही.

अनावरण कुणाच्या हस्ते?

बेळगावजवळच्या राजहंसगडावरच्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं २०२३ च्या मार्चमध्ये दोनदा अनावरण झालं. २ तारखेला एका पक्षाने केलं, ५ तारखेला दुसऱ्याने. यापेक्षा जास्त मी काय लिहू? गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या बाईच्या हस्ते करा, भांडण मिटतं.

पुतळाच हवा का? दुसरं काही शिल्प नाही चालणार?

हे कुणी विचारत नाही, मीच घुसडलंय.

खानापूर भागात जुन्या देवळांबाहेर वीरगळ, म्हणजे लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचे कोरीव दगड, बघा. खालच्या चौकटीत लढाई, मधल्या चौकटीत अप्सरा वीराला वर नेताहेत, सगळ्यांत वर तो शिवलिंगासमोर हात जोडून बसलाय. बहुतेकांवर नावसुद्धा नाही. आमच्या आजोळी मारुतीच्या देवळाला टेकून असा एक आहे. त्याला कुणीतरी चंदेरी ऑइलपेंट फासलाय, मधल्या अप्सरेच्या नाकावर सायकलच्या हँडलने घासून घासून खळगा पडलाय, आणि तरी अमावस्येला एक म्हातारी त्याला तेल घालते. आपल्याकडे चव्हाट्यावरचं शिल्प हजारभर वर्षं आहे. ते गावातल्या साध्या माणसाचं होतं, मग आजच फक्त राजांचेच पुतळे का?

शहापूर-वडगावात मागावर बसलेला विणकर का नको? तालमीत लंगोट कसणारा पोरगा, चिखलात रोप लावणारी बाई, आणि हो, लॅडल (वितळलेल्या धातूचं भांडं) धरून उभा असलेला फौंड्री कामगार? त्याला कुणाची परवानगी अडवणार नाही, कुणाच्या भावना दुखणार नाहीत. पण वर्गणी गोळा करायला उभा राहा, मग कळेल. मी उभा राहिलो होतो. एकूण अकराशे जमले, त्यातले पाचशे माझेच.

जुना पुतळा काढून नवा बसवायचा असेल तर जुन्याचं काय?

भंगारात नको, विसर्जन तर मुळीच नको. शाळेला किंवा वाचनालयाला लेखी ठराव करून द्या. कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आधी गव्हर्नर विल्सनचा पुतळा होता हे आज तिथल्या पोरांनाही सांगावं लागतं. जागा बदलली तर निदान नोंद तरी ठेवा.

देखभाल म्हणजे नेमकं काय करायचं?

किल्ला तलावाकाठी ११० मीटर खांबावर तिरंगा आहे, २०१८ साली लावलेला. आपल्या पावसाळी वाऱ्याने कापड फाटतं, उतरवावं लागतं, पुन्हा शिवून चढवावं लागतं. उंच वस्तू उभारणं एकदाचं असतं, वारा रोजचा.

पुतळ्याला वर्षातून दोनदा साध्या पाण्याने आणि मऊ ब्रशने धुवा. पक्ष्यांची विष्ठा लगेच काढा, ती धातू खाते. पितळ घासायची पावडर, चिंच, लिंबू लावू नका. वरचा तपकिरी-हिरवा थर म्हणजे मळ नव्हे, तोच धातूला राखतो. पावसाळ्याआधी स्वच्छ मेणाचा पातळ हात द्या. चमकला पाहिजे म्हणून सोनेरी रंग मारणाऱ्याला शिडीवरून खाली उतरवा. वर्गणीतला काही भाग मुदत ठेवीत टाका आणि त्या व्याजावर हे सगळं भागवा, नाहीतर पाचव्या वर्षी समितीत फक्त खजिनदार उरतो.

शिडी कायमची बसवावी का? हार घालायला सोयीची पडते.

मागच्या बाजूला, चौथऱ्याच्या आतून, कुलूपबंद दार ठेवून. पुतळ्याला टेकवून लोखंडी शिडी ठेवली तर तिच्या पायऱ्यांचा गंज ओघळून ब्राँझवर पट्टे उमटतात, आणि हार चढवणारा नेता पुतळ्याच्या खांद्याला धरून फोटोसाठी वळतो. त्याचं वजन कुणी कोटेशनमध्ये धरलेलं नसतं. चावी कुणाकडे राहील तेही ठरवा. आमच्याकडे ती किराणा दुकानात खिळ्याला टांगलेली असते, आणि जयंतीच्या आदल्या रात्री दुकान बंद असतं.